'स्पर्धात्मकता' की 'स्पर्धाक्षमता'?

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या वाचनगटासाठी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन शेजाऱ्यांच्या अर्थव्यवहारावर टिपण लिहितो आहे. दोन शब्दांपाशी अडलोय. वर्तमानपत्रं 'देशाची स्पर्धात्मकता' लिहितात. मला ते खटकतं, पण का ते नेमकं सांगता येत नाही. आणि 'आर्थिक सहकार' असं लिहिलं, तर आईने विचारलं, "पतपेढीबद्दल आहे का रे?" काय लिहू?

प्रतिसाद: तुमचं खटकणं अगदी रास्त आहे. 'आत्मक' म्हणजे त्या स्वरूपाचं: वर्णनात्मक, प्रयोगात्मक. म्हणून 'स्पर्धात्मकता' बाजाराला शोभते. विकणारे वाढले, भाव पाडापाडी सुरू झाली की बाजाराची स्पर्धात्मकता वाढली. 'एस्टोनियाची स्पर्धात्मकता वाढली' असं वाचलं की तो देश ईर्षेला पेटलाय असं वाटतं. तुम्हाला म्हणायचंय की त्याची बाजारात टिकायची ताकद वाढली. ती 'स्पर्धाक्षमता'. सदाशिव पेठेतल्या पाट्यांवर 'स्पर्धा परीक्षा' असतं, काही जण 'स्पर्धात्मक परीक्षा' म्हणतात. तिथे दोन्ही चालतं, कारण परीक्षेचं स्वरूप सांगायचंय. अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसलेली मुलं जी कमावत असतात, ती स्पर्धाक्षमता.

तुमच्या विषयात हा फरक फारच कळीचा आहे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचं उदाहरण घ्या. ५ सप्टेंबर १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, त्यांच्या परागंदा सरकारांनी लंडनमध्ये जकात संघाच्या, म्हणजे आपसातल्या मालावर जकात न घेण्याच्या, करारावर सह्या केल्या. १ जानेवारी १९४८ पासून तो अमलात आला. मायदेशी परतण्याआधी आखलेला हा बेत मला आजही थक्क करतो. पण म्हणून बेल्जियमचं अँटवर्प आणि नेदरलँड्सचं रॉटरडॅम या बंदरांनी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणं थांबवलं का? मुळीच नाही. 'सहकार्य वाढलं आणि स्पर्धात्मकताही वाढली' हे वाक्य कोड्यासारखं वाटतं. 'सहकार्यातून स्पर्धाक्षमता वाढते' म्हटलं की कार्यकारणभाव लगेच उमगतो. संस्कृत धातुपाठात 'स्पर्ध्' धातूचा अर्थ 'संघर्ष' दिलाय. तेव्हा 'क्षमता' जोडल्याशिवाय त्या शब्दातला झगडा निवत नाही.

प्रतिसाद: 'सहकार'बद्दल. अमरकोशात 'सहकार' म्हणजे अतिशय सुवासिक आंबा! महाराष्ट्रात मात्र प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला, त्यामागे पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि तेव्हापासून हा शब्द सभासद, भागभांडवल आणि संचालक मंडळ यांच्याशी घट्ट जोडला गेलाय. आईंचा प्रश्न रास्तच होता. देशांसाठी 'सहकार्य' लिहा.

प्रतिसाद: 'सावड' का नको? मावळात भातलावणीला आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. भात ज्याचं त्याचं, विकायचं ज्याने त्याने. शेजारी देश हेच तर करतात.

प्रतिसाद: सावड मलाही फार प्रिय आहे, आणि पारिभाषिक मराठीने असे शब्द विसरू नयेत असं मनापासून वाटतं. पण इथे ती बसत नाही. सावडीत हाताला हात फिटतो, पाळी मोजली जाते. या तीन बाल्टिक देशांचं काम पाटाच्या पाण्यासारखं आहे. एस्टोनियातल्या टॅलिनहून लाटव्हियातलं रीगा, लिथुआनियातलं काउनास करत पोलंडच्या सीमेपर्यंत सुमारे ८७० किलोमीटरचा नवा लोहमार्ग बांधताहेत. रुळांमधलं अंतर युरोपातलं, १,४३५ मिलिमीटर. जुने रूळ १,५२० मिलिमीटरचे. मधल्या लाटव्हियाने काम रखडवलं तर एस्टोनियाचे रूळ अधांतरी. पाट मधल्या शेतात तुंबला की टोकाच्या शेताला पाणी नाही, तसंच. विजेचंही तेच झालं. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिघांनी रशियाशी जोडलेलं जुनं जाळं एकत्रच सोडलं आणि दुसऱ्या दिवशी युरोप खंडाच्या जाळ्याला जोडून घेतलं. याला 'संयुक्त' किंवा 'सामायिक' काम म्हणा. सामायिक बांध, सामायिक विहीर आपण म्हणतोच.

प्रतिसाद: एक विनंती. 'चिमुकले देश' लिहू नका, 'लहान' पुरे. एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २०११ च्या जनगणनेतच १७ लाखांवर माणसं होती, हे खरं. पण त्या देशाला स्वतःची संसद आहे, स्वतःचं परराष्ट्र धोरण आहे. 'चिमुकले' म्हटलं की आपण त्यांना कडेवर घेतो.

मूळ प्रश्नकर्ता: मनापासून आभार. वाक्य असं केलं: 'सामायिक लोहमार्ग आणि वीजजाळं यांमुळे तिन्ही लहान देशांची स्पर्धाक्षमता वाढावी, हा या सहकार्याचा हेतू आहे.' पुढच्या परिच्छेदात टॅलिन, रीगा आणि लिथुआनियाचं क्लाइपेडा या बंदरांतली ओढाताण येते. तिथे चुरस की चढाओढ?

प्रतिसाद: चढाओढ. 'चुरस'मध्ये निकाल लागायचा असतो, कोणीतरी जिंकतं आणि ती संपते. बंदरांचं तसं नाही. जहाजं रोज येतात.