'झपाटलेला' मोठेपणी पाहताना भीती का वाटत नाही?

कळसूत्री (धागालेखक)
महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा सिनेमा १९९३चा. तेव्हाची सात-आठ वर्षांची मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. "लहानपणी गोधडीत तोंड खुपसायचो, आता नुसतं हसू येतं" हे अनेकदा ऐकू येतं. मला ते पटत नाही. भीती सिनेमातून गेलेली नाही, आपली बघण्याची रीत बिघडली आहे. तात्या विंचू, म्हणजे गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला, धावतो तेव्हा तो फारसा भीतिदायक नसतोच. तो गप्प बसलेला असतो आणि समोरचा त्याला निर्जीव समजून वावरतो, तेव्हा पोटात गोळा येतो. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत नेमकी तीच शांतता कापलेली असते.

शब्दभ्रम
असहमत. मोठ्या माणसाला यंत्रणा दिसते आणि एकदा दिसली की विसरता येत नाही. हा बाहुला रामदास पाध्ये यांचा, म्हणजे बोलक्या बाहुल्यांच्या परंपरेतला. अशा बाहुल्यांना साधारणपणे ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या फटी असतात. मधला तुकडा म्हणजे जबडा. आतल्या दांड्यावरचा खटका दाबला की तो खाली येतो, सोडला की वर जातो. एवढीच हालचाल.

आता तात्याच्या मंत्रातलं 'ओम फट् स्वाहा' आरशासमोर म्हणून पाहा. 'ओ'ला ओठ गोल होतात, 'म'ला मिटतात, 'फ'लाही जवळ येतातच. जबड्याच्या तुकड्याला यातलं काहीही जमत नाही. रंगमंचावर शब्दभ्रमकाराला, म्हणजे बाहुल्याच्या तोंडून बोलल्याचा भास निर्माण करणाऱ्याला, स्वतःचे ओठ हलवायचे नसतात, म्हणून तो प, फ, ब, भ, म टाळतो किंवा 'म'च्या जागी 'न' सरकवतो. इथे आवाज दिलीप प्रभावळकरांचा, अक्षर न् अक्षर स्वच्छ, आणि तोंड नुसतं वरखाली. मूल आवाज ऐकतं. मोठ्यांची नजर जबड्यावर खिळते.

कळसूत्री
पण हीच विसंगती कथेच्या कामी येते! आत बाहुला नाहीच, मृत्युंजय मंत्राने शिरलेला गुंड आहे. त्या तोंडातून निघूच शकणार नाहीत अशी अक्षरं निघतात, म्हणून आत दुसरंच कोणीतरी आहे हे पटतं. ओठ हुबेहूब हलले असते तर ती गंमतच गेली असती.

रीळवाला
दोघांनीही टीव्हीचा विचार केलेला नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा). नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतात. त्याने बाहुल्याची झटक्याची हालचाल गुळगुळीत होते आणि तो खेळण्यासारखा दिसतो. ही सोय, म्हणजे मोशन स्मूदिंग, बंद करा, पिक्चर मोड 'सिनेमा' ठेवा, शार्पनेस अगदी कमी. अंधाराचे प्रसंग नीट दिसावेत म्हणून ब्राइटनेस वाढवू नका. काळा भाग राखाडी झाला की लपलेलं सगळं उघडं पडतं. चौकोनी चित्र ताणून पडदाभर केलं तर बाहुला बुटका आणि रुंद होतो.

आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला २५ चौकटींचं होतं. त्यामुळे साध्या रूपांतरात सिनेमा ४ टक्के वेगाने पळायचा आणि आवाज किंचित चढायचा. टीव्हीवर पाहिलेल्यांच्या कानातला तात्या मुळापेक्षा थोडा चिरका असू शकतो. हालचालीच्या कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसल्या, तर प्रत बहुधा एकाआड एक ओळींनी चित्र साठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्हिडिओवरून काढलेली आहे. तिथे सेटिंगवर फार वेळ घालवू नका, दुसरी प्रत शोधा.

उंबरठा
सेटिंगने चित्र सुधारेल, वय कसं सुधारणार? मोठ्यांना नियम कळतात. तात्याला फक्त त्याच माणसाच्या शरीरात शिरता येतं, ज्याला त्याने आपली ओळख पहिल्यांदा सांगितली, म्हणजे सिनेमाचा नायक लक्ष्या. आणि तो मरतो दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तरच. नियम कळले की धोक्याला कुंपण पडतं. मुलाच्या लक्षात फक्त मंत्र राहतो, आणि घरात एक बाहुली असते. मोठेपणी वेगळीच गोष्ट टोचते: लक्ष्या खरं सांगतो आणि सगळे त्यालाच वेड्यात काढतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांची ती तगमग लहानपणी विनोदातच जमा होते.

कळसूत्री
म्हणजे भीती जागा बदलते, जात नाही. मी तेच म्हणतोय.

शब्दभ्रम
नाही, ती कणव झाली. भीतीपुरतं तपासायचं तर तात्याचा एकच प्रसंग दोनदा घ्या. आधी आवाज बंद करून पाहा. मग पडद्याकडे पाठ करून, दिवा मालवून नुसता ऐका. काटा दुसऱ्या वेळी आला, तर घाबरवणारे प्रभावळकर आहेत, बाहुला नव्हे.