पेठांतून कॅमेरा घेऊन हिंडायचं, तर वाड्याचा फोटो काढायला परवानगी कशाला?

पायीपायी:
पुण्यात कसबा पेठेत परवा एका वाड्याच्या दारावर पाटी बघितली, ‘येथे फोटो काढू नयेत’. मला ती पटली नाही. का पटली नाही ते लिहितो, तुमचंही सांगा.

शनिवारवाड्यासमोर उभं राहून दिल्ली दरवाजाचा फोटो सगळेच काढतात. आत मात्र १८२८ च्या आगीत लाकूडकाम गेलं ते गेलंच, उरली आहेत ती जोती, हौद आणि कारंजी. जुन्या पुण्यातलं घर कसं असायचं ते बघायचं तर तिथून कसब्याच्या गल्ल्यांत शिरावं लागतं. दिंडी दरवाजा, तुळईच्या टोकांना कोरलेली केळफुलं, खाली घडीव दगडाचं जोतं आणि वर विटामातीची भिंत, हे सगळं तिथे अजून उभं आहे. गाडीवरून जाताना यातलं काही दिसत नाही, कारण मान वर करायची सोयच नसते. दुकानांची शटरं उघडायच्या आत कसबा गणपतीपासून निघावं, तांबट आळी करावी, नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड्या गणपतीपर्यंत जावं. त्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेला साखळदंडातला गेंडा आहे. पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी जणांनी तो बघितलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. वाडा खाजगी, रस्ता सगळ्यांचा. रस्त्यावर उभं राहून जे दिसतं त्याचा फोटो काढायला कुणाला विचारायची गरज नाही. भिडेवाड्याचं काय झालं आठवा. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा. डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पाडला. तिथे स्मारक होणार, व्हायलाच हवं, पण मूळ वास्तू आता फक्त फोटोत. दारोदार परवानगी मागत बसलो तर बाकीचे वाडे फोटोविनाच जातील.

माजघर:
मी कसब्यात वाड्यात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून.

तुम्ही ज्याला रस्त्यावरून दिसणारं म्हणता ती आमची पडवी आहे. सासूबाई सकाळी तिथे भाजी निवडत बसतात. दर रविवारी कुणी ना कुणी येऊन त्यांच्यावर कॅमेरा रोखतं. “आजी, जरा दाराकडे बघा ना.” मागे लग्न ठरलेलं एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं, आमच्या पायऱ्यांवर तासभर बसलं, आणि माझ्या मुलाला सायकल बाहेर काढता येईना. त्यांनाही वाटत होतं की पायरी रस्त्याला लागून आहे म्हणजे सगळ्यांची आहे.

फोटोखाली लिहितात ‘पेशवाईचं वैभव’. ज्या तुळईचा फोटो असतो तिला आम्ही आतून लोखंडी टेकू दिलाय. कौलांवर ताडपत्री आहे, ती फोटोत कापलेली असते. मालक म्हणतो, जुन्या भाड्यात एक कौलही बदलता येत नाही, आणि त्याचंही खोटं नाही. शनिवारवाडा संरक्षित स्मारक, तो शंभर मीटरच्या आत असल्यामुळे नवीन बांधायला मनाई. दुरुस्तीला परवानगी मिळते, पण तिच्यामागे धावायचं कुणी आणि पैसा घालायचा कुणी? या अवस्थेत आम्ही पावसाळे काढतो. तुम्ही येऊन ओलीचे डाग काय सुंदर दिसतात म्हणता तेव्हा अंगावर काटा येतो.

वारसदार:
माजघर, तुमच्या मालकाच्या जागी मी आहे, वाडा दुसरा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात गोठलेली भाडी आम्ही भोगली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती कशावर? जुन्या भाड्यावर. त्यातून वर्षाचा मालमत्ता कर निघत नाही.

मला फोटोवाल्यांची भीती निराळीच आहे. चार फोटो गाजले की ‘वाचवा’ सुरू होतं. उद्या वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत गेली की खिळा ठोकायलाही समिती. वाचवा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आजवर विचारलं नाही की छत शाकारायला किती लागले. पाटी मी लावली नाही, पण दार लावून घेतो.

गुण्या:
जुन्या घरांची मोजमापं घेणं हे माझं काम. पायीपायी, तुमचा हेतू चांगला आहे, पण नोंद म्हणून तुम्ही काढलेल्या फोटोंचा उपयोग होईलच असं नाही.

सगळे जण केळफूल जवळून काढतात. वाडा पडल्यावर ते केळफूल कुठल्या पेठेतलं, कुठल्या वाड्याचं, किती मोठं, काही कळत नाही. कॅमेरा वर करून काढलेल्या फोटोत भिंती मागे कललेल्या दिसतात, त्यावरून माप निघत नाही. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, पहिल्या मजल्याच्या उंचीवरून, कॅमेरा सरळ धरून पूर्ण दर्शनी बाजू घ्या. दारात ओळखीच्या माणसाला उभं करा, त्याची उंची लिहून ठेवा. तारीख, पेठ, गल्लीची कुठली बाजू, शेजारी काय, तेही लिहा. आणि समोरच्या जिन्यात चढायचं तर विचारावंच लागेल, तेव्हा परवानगीशिवाय चांगली नोंद होते हे मला तरी मान्य नाही.

दुसरी गोष्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत वाडे पडले त्यामागे बांधणीचंही कारण होतं. जोतं दगडाचं, ते टिकलं, पण वरच्या मातीच्या भिंतींनी पाणी पिऊन घेतलं आणि त्या बसल्या. ते वाडे आतून कसे होते हे आज कुठे सापडतं माहीत आहे? लग्नामुंजीच्या फोटोंत. बटू पुढे बसलाय आणि मागे चौक, हौद, खांबांची महिरप, जिन्याचं तोंड. काढणाऱ्याला वास्तूशी देणंघेणं नव्हतं, तरी सगळं आलं, कारण तो घराच्या आत होता. रस्त्यावरून यातलं काहीच मिळणार नाही.

पायीपायी:
गुण्या, पूर्ण दर्शनी बाजूचं मान्य, तसे फोटो मी काढीन. पण मुंजीचे फोटो ज्यांच्याकडे कॅमेरेवाला बोलवायची ऐपत होती त्यांच्याच घरचे. बुरूड आळीतल्या, कुंभारवाड्यातल्या घरांचं काय? तिथे रस्त्यावरून चालत जाणाराच उरतो.

माजघर, सासूबाईंवर कॅमेरा रोखणं वाईटच, ते मी करत नाही. पण माणसाला विचारणं वेगळं आणि भिंतीसाठी विचारणं वेगळं. भिंतीसाठी मी विचारणार नाही. वारसदार, फोटो न काढल्याने तुमचं भाडं वाढणार नाही.

ठोका:
तांबट आळीतून लिहितोय. आमच्याकडे या, फोटो काढा, आमची ना नाही. लोक येतात म्हणून तर तांब्याची भांडी पुन्हा विचारली जातात. माझ्या आजोबांच्या वेळी बंब, हंडे, घंगाळी जायची. स्टील आल्यावर हात रिकामे झाले. आता मठारलेले दिवे आणि तांबे घ्यायला येणारे बरेच जण आधी फोटो काढायला आलेले असतात.

एकच सांगणं. दारात उभे राहू नका. मठार म्हणजे पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक घाव घालायचे. प्रत्येक घावाला चकाकी येते आणि ती बघूनच पुढचा घाव पडतो. आमचा उजेड दारातून येतो. तुम्ही चौकटीत उभे राहिलात की भांड्यावर सावली पडते, ओळ चुकते आणि चुकलेला घाव पुसता येत नाही. आत या, भिंतीला टेकून बसा, हवा तेवढा वेळ बसा. रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क म्हणाल तर असेलही, पण आमचं काम तिथूनच बिघडतं.

वारसदार:
ठोका, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं. माझ्याकडे फक्त सल्ले येतात. पायीपायी, भाडं वाढणार नाही हे खरंच. पण तुम्ही ‘पडण्याआधी काढून ठेवू’ म्हणता, म्हणजे तो पडणार हे तुम्हीही धरून चाललाय. मग दुरुस्तीचा विषय एकाही फोटोखाली का नसतो? भाडी, शंभर मीटर, परवानग्या हे चार ओळींत लिहा. ताडपत्रीसकट फोटो टाका. त्या फोटोला मी दार उघडीन.

पायीपायी:
ताडपत्रीसकट टाकीन, आणि खाली तुम्ही म्हणता ते लिहीन. भिंतीसाठी परवानगी नको या मतावर मात्र मी कायम आहे.

माजघर:
राहा कायम. आमच्या वाड्यापुरतं पडवीत कुणी बसलेलं असेल तर कॅमेरा खाली, एवढं पाळा.

गुण्या, मामेसासऱ्यांच्या मुंजीचे फोटो आहेत, पुराच्या आधीचे. माळ्यावरच्या ट्रंकेत होते म्हणून वाचले. आता बुजवलेला आड त्यात दिसतो, आणि जिन्याशेजारी एक खोली आहे, ती पुरानंतर परत बांधलीच नाही. फोटो घराबाहेर न्यायला सासूबाई देणार नाहीत. स्कॅनर घेऊन तुम्ही या. दुपारी चारनंतर, रविवार सोडून. कोण कोण आहे ते त्या सांगतील, तेही लिहून घ्या. त्यांच्याशिवाय आता कुणाला ती नावं माहीत नाहीत.