आरओ बसवला आणि स्टाउट बिघडला: पाणी कुठलं वापरू?

रामबागकर:
मंडळी, मी इंदूरला एका मायक्रोब्रुअरीत बीअर बनवतो. चार वर्षांपूर्वी आलो तेव्हा सगळे गव्हाचीच बीअर मागायचे. स्टाउटची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बीअरची, 500 लिटरची टाकी संपायला महिना लागायचा. काळी म्हणजे कडक, असा समज करून कोणी मागवायचे आणि तशी नाही म्हणून नाराज व्हायचे. यंदा दिवाळीनंतर तीच टाकी 12 दिवसांत रिकामी झाली! आता येणारे ‘ती कॉफीसारखी लागते ती द्या’ असं सांगतात. म्हणजे चवीसाठी मागतात, याचा मला फार आनंद झाला.

जानेवारीत आरओ बसवला. त्याआधी बोअरचं पाणी नुसतं गाळून घ्यायचो. आरओनंतर गव्हाची बीअर छान स्वच्छ लागायला लागली, पण स्टाउटच्या दोन्ही बॅचा करपट आणि आंबट निघाल्या. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तेच, यीस्ट तेच, भाजलेले जव पूर्वीइतकेच, 10 टक्के. दर शनिवारी येणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी परवा अर्धा ग्लास तसाच ठेवला. मला ते फार लागलं. कुठे चुकतंय?

मुठाकाठ:
तुझ्या हातचं काही चुकलेलं नाही, पाणी चुकलंय. भाजलेलं धान्य मुळात आम्लधर्मी. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारे क्षार, ते आम्ल सांभाळून घेत होते. आरओच्या पाण्यात सांभाळायला काही उरलंच नाही, म्हणून मॅशचा, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवलेल्या मिश्रणाचा, पीएच खाली गेला असणार, म्हणजे आंबटपणा वाढला असणार. मोजलास का? 5.3 ते 5.5 दरम्यान हवा.

लंडनचा पोर्टर, डब्लिनचा स्टाउट, म्युनिकची डुंकेल, सगळ्या गडद बीअर आणि तिन्ही गावांचं पाणी असंच बायकार्बोनेटवालं. उलट पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, तिथे 1842 साली पिल्सनर ही सोनेरी बीअर जन्मली. पाण्याला मानवेल ती बीअर त्या त्या गावात रुजली. तू एकाच पाण्यात दोन्ही करायला बघतोयस.

बोअरचं पाणी लॅबमधून तपासून आण. नुसता टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) कामाचा नाही, अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्ल सांभाळायच्या ताकदीचा, आकडा माग. लोहही बघ, नाहीतर बीअरला धातूची चव येते.

जुना इंदूरकर:
बाळा, मला बीअरमधलं कळत नाही, पाण्यातलं कळतं. 1978 साली नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. त्याआधी आमच्या घरी विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे, आई चिमूट सोडा टाकायची. माळव्याच्या काळ्या दगडातलं पाणी जडच. ते तुझ्या कामाचं निघावं, याचं मला कौतुक वाटतं. पण नळाचं पाणी घेणार असशील तर क्लोरीन काढून घे, त्याचा वास चहालासुद्धा लागतो.

खमंग:
दादा, मी ग्राहक म्हणून सांगते. मेन्यूवर अल्कोहोलचे टक्के ठळक लिहा. ड्राफ्ट गिनेस ही डब्लिनची प्रसिद्ध स्टाउट 4.2 टक्क्यांची असते, आपल्याकडच्या स्ट्राँग बाटल्या 8 पर्यंत जातात. 1817 साली डॅनिएल व्हीलरने माल्ट काळं भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूठभर काळ्या माल्टवर सगळा रंग येतो, बाकीचं धान्य फिकंच असतं. हे लोकांना सांगितलं की पटतं. थालिपिठाची भाजणी जरा गडद भाजली म्हणून काही तिखट होत नाही ना!

आणि एक विनंती, स्टाउट बर्फगार देऊ नका. 8-10 अंशांवर तिचा खमंगपणा कळतो. थंडीत तिच्याबरोबर गराडू (आपला कंद) ठेवा. सराफ्यातला तो जिरावन मसाला-लिंबू मारलेला तळलेला तुकडा आणि वर स्टाउटचा घोट, दुसरं काही नको.

रामबागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पीएच मोजला, नुसत्या आरओच्या पाण्यात 5.0 भरला. लॅबचा रिपोर्टही आला, अल्कलिनिटी 310, लोह नगण्य. काल निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं घेऊन मॅश केला. भाजलेले जव आधीच सगळे न टाकता निम्मे शेवटच्या 15 मिनिटांत टाकले. पीएच 5.4. गाळलेला गोड रस चमच्याने चाखला, डोक्यात आलं ते फक्त शेंगदाणे भाजतानाचा वास. काका, डाळीची गोष्ट मालकांना वाचून दाखवली, त्यांनी स्टाउटसाठी बोअरच्या पाण्याची टाकी वेगळी ठेवायला हो म्हटलंय. त्या बाईंना तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी या असं सांगितलंय, पहिला ग्लास त्यांचा.