देवावर वाद घालायला परग्रहावर जावं लागतं का?

डिचोलीकर
विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांची 1955 सालची 'द स्टार' ही कथा, न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. एक जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) पाद्री, पेशाने खगोलशास्त्रज्ञ, स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषांपाशी यानातून पोचतो. तिथे एक अख्खी सुसंस्कृत जमात जळून गेलेली. स्फोटाचं साल काढतो, तर पृथ्वीवर दिसलेला तो उजेड म्हणजे येशूजन्माचा बेथलेहेमचा तारा! मग त्या उजेडासाठी देवाने अख्खी जमात जाळली का? हा प्रश्न जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या रांगेत काढून बघा, किंवा तसलाच एखादा शिरगावला लईराईच्या जत्रेत होमकुंडाशेजारी. मार खाल. हजारो प्रकाशवर्षं लांब नेला की भाविकही ऐकून घेतो. श्रद्धेवर बोलायला विज्ञानकथेइतकी सोयीची जागा नाही.

कुंकळ्ळीकर
सोयीची आहे, तिथेच तर गोम आहे. तारा कोणी फोडला? लेखकाने. साल कोणी जुळवलं? त्यानेच. पुरावाही आपलाच, निकालही आपलाच! बरं, तो तारा बायबलातल्या चार शुभवर्तमानांपैकी (येशूचरित्रांपैकी) फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात येतो. तो वगळला म्हणून कोणी मिसा (चर्चमधली उपासना) चुकवणार नाही. आणि निरपराधाच्या वाट्याला दुःख का, हे बायबलातल्या ईयोबाने कधीच विचारलंय. त्याला यान लागलं नव्हतं.

डिचोलीकर
निकाल दिलाय कुठे? पाद्री शेवटचा प्रश्न देवालाच विचारतो.

म्हापशेकर
गोष्टी राहू द्या, पडताळून बघा. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण 2008मध्ये पुण्यात ज्योतिषांपुढे खऱ्या कुंडल्या ठेवल्या : हुशार मुलं कुठली, मतिमंद कुठली, सांगा. 27 जणांचे मिळून 46 टक्के अंदाज बरोबर. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

फोंड्याची माई
अहो, पण देव आहे की नाही हे आमच्या देवळात विचारतं कोण? कौल घेताना, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवाचं उत्तर मागताना, प्रश्न असतात ते लग्न ठरवू का, विहीर खणू का. पाकळी उजवीकडची पडली, विषय संपला. भांडणं होतात ती मानावरून! पालखीला खांदा कोणाचा, प्रसाद आधी कोणाला. महाजनांचा, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत कारभाऱ्यांचा, पोर्तुगीज काळातला कायदा आजही कोर्टात निघतो.
लिहायचंच तर आमचं लिहा. 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव घेऊन पळालेली माणसं यानात बसवा. नव्या ग्रहावर गाव वसेल, मग पहिला तंटा कशावरून होईल? देऊळ सांभाळायला यंत्रमानव ठेवला आणि कौलाच्या पाकळ्या त्याने लावल्या, तर गाव मानेल? महाजन आधी त्याचं गोत्र विचारतील.

कुंकळ्ळीकर
माई, ही गोष्ट मी वाचेन. पण त्याने लावलेला कौल चुकला, तर राग कोणावर काढायचा? देवावर की यंत्र बनवणाऱ्यावर?

फोंड्याची माई
आत्ता कोणावर काढतात? भटजींवरच ना!