टर्बो तोच ठेवून रेव्ह लिमिट वाढवण्यात अर्थ आहे का?

पिस्टन७३

मित्राने त्याच्या १.४ लिटर टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप करून घेतला, म्हणजे त्यातले आकडे बदलून घेतले, आणि त्यातच रेव्ह लिमिट (इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमला फिरू द्यायचं तो आकडा) ६,२०० वरून ७,००० वर नेली. बाकी सगळं कंपनीचंच. मला चालवायला दिली. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण खेचली. साडेपाच हजारांनंतर आवाज वाढत होता, काटा चढत होता, पण पाठीवरचा सीटचा दाब कमी कमी होत गेला. ७,००० ला तिसरा टाकला आणि गाडी पुन्हा उचलली. तिसऱ्यात जास्त जोर लागतोय, तर मी इतका वेळ दुसऱ्यात काय करत होतो?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून कंप्रेसरने इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र. छोटा टर्बो कमी आरपीएमलाच लवकर भरावा म्हणूनच छोटा ठेवलेला असतो. उदाहरण घ्यायचं तर सुझुकीचं १.४ बूस्टरजेट, स्विफ्ट स्पोर्टमधलं. २३० न्यूटन मीटर टॉर्क २,५०० ते ३,५०० मध्येच मिळतो. १०३ किलोवॅट ताकद ५,५०० ला. गणित मांडलं तर ५,५०० ला टॉर्क १७९ च्या आसपास उरतो. म्हणजे लिमिटरच्या बराच आधी उतार सुरू झालेला असतो. त्यापुढे टर्बाइनमधून तेवढा एक्झॉस्ट पुढे सरकत नाही, मागे दाब साठतो, सिलिंडरमध्ये जळका गरम वायू मागे राहतो. कंप्रेसरही त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो, हवा कमी ढकलतो आणि तापवतो जास्त. मग नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) टाळायला ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. अशा वेळी आकडा वाढवून आपण फक्त आवाज विकत घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

वळणवाटा

मी केलंय, आणि परत करेन.

तुम्ही सरळ रस्त्यावरचा हिशोब लावताय. ट्रॅकवर या. दोन वळणांच्या मध्ये छोटासा तुकडा असतो, दुसऱ्यात ६,२०० ला लिमिटरचा कट लागतो आणि पुढच्या वळणाचं ब्रेकिंग अजून लांब असतं. तिसरा टाकायचा, लगेच परत दुसरा घ्यायचा. प्रत्येक शिफ्टला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) पडतो, तो पुन्हा भरेपर्यंत वेळ जातो, आणि गाडी नेमकी तेव्हाच डुलते जेव्हा ती स्थिर हवी असते. त्याऐवजी पाचसहाशे आरपीएम जास्त मिळाली तर एकाच गिअरमध्ये तुकडा निघतो. टॉर्क उतरलेला असला तरी चालतं, दोन शिफ्ट वाचतात.

आणि "इंजिन फुटेल" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. ८२ मिलिमीटर स्ट्रोक आणि ७,००० आरपीएम म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर. होंडा एस२००० चं पहिलं दोन लिटर इंजिन ८४ मिलिमीटर स्ट्रोकवर ९,००० ला जायचं, म्हणजे २५ मीटर. आपण त्याच्या जवळपासही नाही.

पान्हा तेरा

वळणवाटा भाऊ, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तुलना चुकीच्या जागी लावलीत. मी इंजिनं उघडतो, तेव्हा हाताने पाहिलेलं सांगतो.

मागे एक तीन सिलिंडर टर्बो इंजिन माझ्याकडे आलं. तक्रार एवढीच की गरम झालं की आयडलला थरथरतं. कॉम्प्रेशन मोजलं, एका सिलिंडरचं कमी. हेड काढलं. पिस्टनच्या माथ्यावरच्या काजळीत एक बारीक चकचकीत चंद्रकोर उमटलेली, नखाच्या टोकाएवढी. बाकी सगळीकडे काळं, तेवढीच जागा घासून पांढरी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तिथे टेकला होता. व्हॉल्व्ह काढून बोटांमध्ये फिरवला तर डोळ्याला सरळ दिसत होता, लेथवर लावल्यावर डगडगला. मालकाला विचारलं, तर लिमिट वाढवून घेतलेली होती आणि व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंग कंपनीच्याच होत्या. गाडी एका दिवसात बंद पडली नाही. कित्येक महिने चालली, हळूहळू बिघडत.

टर्बोमध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगचं काम दुप्पट अवघड असतं. ३० मिलिमीटरचा इनटेक व्हॉल्व्ह धरा. एक बार बूस्ट त्याच्या पाठीवर साधारण सात किलोने दाबतो, उघडायच्या दिशेने. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे तर बूस्टपेक्षाही जास्त दाब असू शकतो, आणि पिस्टन७३ म्हणतात तसा तो वरच्या आरपीएमलाच वाढतो. म्हणजे स्प्रिंगला जेव्हा सगळ्यात जास्त जोर हवा, तेव्हाच तिच्या विरुद्ध हात लागलेला असतो. व्हॉल्व्ह कॅमचा (त्याला उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा) पिच्छा सोडतो तो तिथे. होंडाच्या त्या इंजिनात टर्बो नव्हता, आणि स्प्रिंगपासून रॉडपर्यंत (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) सगळं ९,००० साठीच घडवलेलं होतं. पिस्टनचा वेग रिंग आणि तेलाच्या थराबद्दल सांगतो, स्प्रिंगबद्दल एक अक्षर सांगत नाही.

दुसरं रॉडचं. "एवढा बूस्ट सोसतंय तर थोडी रेव्हही सोसेल" हे मी रोज ऐकतो. अहो, बूस्ट रॉडला दाबतो, रेव्ह रॉडला ओढते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वर दाब द्यायला काही नसतं, पिस्टन सुसाट वर चाललेला असतो आणि त्याला खेचून परत आणायचं काम रॉडचे दोन बोल्ट करतात. हा ताण वर्गाने वाढतो. ६,२०० चे ७,००० केलेत म्हणजे आरपीएम १३ टक्के वाढली, ताण २७ टक्के. जोर सोसणारा रॉड ओढ सोसेलच असं नाही.

वळणवाटा

चंद्रकोरीचं वाचून खरंच थांबलो. स्प्रिंगचा मुद्दा मान्य. पण कंपनी काही अगदी काठावर लिमिट ठेवत नाही ना? तिला वॉरंटी सांभाळायची असते. ती मोकळी जागा असतेच, आणि तीच मी वापरतोय.

पान्हा तेरा

असते. पण ती रिकामी पडलेली नसते. थंड इंजिन, जुनं झालेलं तेल, कमी पातळी, लांब वळणात पंपाने ओढलेला फेस, लाखभर किलोमीटर चालून मऊ झालेली स्प्रिंग, या सगळ्यांसाठी ती राखलेली असते. शिवाय पहिल्या गिअरमध्ये काटा इतका झपाट्याने चढतो की कट लागेपर्यंत तो आकड्याच्या पुढे गेलेला असतो. तुम्ही ७,००० लिहिता, इंजिन त्याच्याही वर जाऊन येतं.

रात्रपाळी

एक भर घालतो. चौथ्यातून पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर कुठलाही लिमिटर वाचवत नाही, कारण तेव्हा इंजिनला चाकं फिरवत असतात. वरच्या आकड्यावरून शिफ्ट करायची सवय लागली की ती चूक महागात पडते.

नकाशा

मी ईसीयूचं मॅपिंग करते. माझ्याकडे "लिमिट फक्त थोडी वाढवा" म्हणून लोक येतात, जणू एक कप्पा उघडून आकडा बदलायचा.

थेट इंजेक्शन (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये) असेल तर आधी वेळ बघा. ६,२०० ला एक स्ट्रोक ४.८ मिलिसेकंदांत संपतो, ७,००० ला ४.३. तेवढ्यातच पेट्रोल फवारायचं, ते हवेत मिसळायचं. हाय प्रेशर पंप कॅमवर चालतो, त्याची हद्द वेगळी. म्हणून मी आधी जुन्याच लिमिटवर लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) घेते: साडेपाच हजारांच्या वर इंधनाच्या रेलचं प्रेशर टिकतं का, हवेचं तापमान किती चढतं, कुठल्या सिलिंडरचं इग्निशन किती मागे जातंय. तिथेच घसरण दिसली तर मी आकड्याला हात लावत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

सगळं ठीक असेल तर वरच्या टप्प्यात बूस्ट उतरता ठेवते, आणि तेल गरम होईपर्यंत लिमिट खालीच ठेवते. कटसुद्धा इंधनाचा ठेवते. स्पार्कचा कट आवाजाला भारी वाटतो, पण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं, आणि त्याचा मार टर्बाइनला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो. त्या फटफट आवाजासाठी मागणी करणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

पिस्टन७३

काल मित्राची डायनोची (टॉर्क मोजायच्या यंत्राची) शीट घेऊन बसलो. त्याच्या गाडीत दुसरा गिअर १.९, तिसरा १.३. ६,२०० ला टॉर्क १६५, तिथे तिसरा टाकला तर इंजिन ४,२४० ला येतं आणि टॉर्क २४० मिळतो. गिअरने गुणलं तर दुसऱ्यात ३१३, तिसऱ्यात ३१२. जवळपास बरोबरी, म्हणजे शिफ्टची जागा नेमकी तीच. ७,००० पर्यंत ताणलं तर दुसऱ्यात उरतात २१८ आणि तिसऱ्यात मिळाले असते २९२. वरची ८०० आरपीएम सरळ रस्त्यावर निव्वळ तोट्याची आहे. मित्राला दाखवलं, तो गप्प बसून शीट बघत राहिला.

फॉर्म्युला वनमध्येही हेच दिसलं होतं. २०१४ पासूनच्या १.६ लिटर टर्बो इंजिनांना नियमाने १५,००० ची मुभा होती, पण इंधनाचा प्रवाह १०,५०० च्या वर ताशी १०० किलोवरच थांबवलेला. मग कोणी १५,००० च्या मागे लागलं नाही. त्यांना इंधनाने अडवलं, आपल्याला छोट्या टर्बोची हवा अडवते.

वळणवाटा, तुमचं दोन वळणांमधलं उदाहरण मात्र मला पटलं, ते मी मोजलंच नव्हतं. मोठा टर्बो बसवला, ताकदीचं शिखरच साडेसहा हजारांवर सरकलं, तर जुनी लिमिट ठेवणंही चूक, हेही मान्य. माझा विरोध टर्बो आणि स्प्रिंग तेच ठेवून नुसता आकडा वाढवण्याला आहे, आणि तो कायम आहे.

वळणवाटा

नकाशा ताई, लॉग घेतला. चौथ्या सिलिंडरचं इग्निशन ६,४०० पासून मागे जातंय, बाकी तीन ठीक. तूर्त लिमिट ६,५०० वर आणली आहे. पान्हा तेरा, स्प्रिंग आणि रिटेनर (स्प्रिंग व्हॉल्व्हवर धरून ठेवणारी चकती) मागवलेत, बसवताना जुन्या स्प्रिंगचा दाब मोजून इथे टाकतो. ६,२०० वर मात्र परत जाणार नाही. त्या दोन वळणांमध्ये मी गाडी चालवलीय, तुम्ही नाही.