मून जेलीफिश घरी पाळावी का? माझं मत: नको

निळाई:
वर्षभर मून जेलीफिश पाळून हे लिहितेय. पहिल्या चार आणल्या आणि माशांच्या चौकोनी टाकीत सोडल्या. त्याच रात्री एक फिल्टरच्या तोंडाशी ओढली गेली. सकाळी छत्रीची, म्हणजे तिच्या गोल अंगाची, कड फाटून लोंबत होती. दुसरी कोपऱ्यात काचेला घासत राहिली. तिला मेंदू नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं. प्रवाह नेईल तिथे ती जाते. ऑक्सिजनसाठी एअर पंप लावला, तर बारीक बुडबुडे तिसरीच्या छत्रीखाली अडकले आणि दोन दिवसांत तिथे आरपार भोक पडलं. हे डोळ्यांदेखत बघणं फार वाईट असतं. जिला तळ ना भिंत ठाऊक, तिला डब्यात कोंडूच नये.

खारवट:
असहमत. तुमच्या जेलीफिश चुकीच्या टाकीने मारल्या. प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जीवांसाठी, वुल्फ ग्रेवे या जर्मन संशोधकाने १९६८ मध्येच क्रायझेल टाकीचं वर्णन छापलं होतं: गोलाकार, कोपरे नाहीत, पाणी संथपणे गरगरतं, बाहेर जाण्याची वाट जाळीआड. मोठमोठी मत्स्यालयं याच तत्त्वावर जेलीफिश ठेवतात. आधी रिकामी टाकी महिना-दीड महिना चालवून घाण पचवणारे जिवाणू रुजू द्यायचे, अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्यावर आली की मगच प्राणी आणायचा. एवढं सांभाळलं तर माझ्या मते पाळायला काहीच हरकत नाही.

निळाई:
दादा, पुढच्या खेपेला गोल टाकीच घेतली होती. खरी दमछाक खाण्यापिण्याची. रोज आर्टेमियाची (कोळंबीसारखे बारीक जीव) अंडी खाऱ्या पाण्यात घालायची, दिवसभराने पिल्लं निघाली की टरफलं वेगळी करायची, पिल्लं धुऊन ड्रॉपरने छत्रीजवळ सोडायची. आर्टेमिया केशरी असतात, त्यामुळे पोट भरलं की पारदर्शक अंगातून केशरी ठिपके दिसतात. ते दिसले की मला हायसं वाटायचं. पण चार थेंब जास्त पडले की उरलेलं कुजतं आणि अमोनिया चढतो. कमी पडलं तर जेलीफिश मरत नाही, आकसते! माझी तळहाताएवढी होती, ती लिंबाएवढी झाली.

खारवट:
आकसणं ही तिची जगण्याची युक्ती आहे. खाणं नीट मिळालं की पुन्हा वाढते, मी वाढवलेली आहे.

निळाई:
वाढते, मान्य. पण उपासमारीला युक्ती म्हणून आपण मोकळे व्हायचं का? माशासारखी ती कावरीबावरी होत नाही, तडफडत नाही. तिचे हाल आपल्याला कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. माझा विरोध मुख्यतः यासाठी आहे.

पाणथळ:
थोडं मध्ये बोलतो. कॅसिओपिया या जातीचा विचार करा. ती उलटी होऊन तळाशी बसते, तिच्या अंगातलं शेवाळ प्रकाशावर अन्न बनवतं, त्यामुळे गोल प्रवाहाची गरज नाही. उजेड मात्र भरपूर हवा आणि वरून थोडं खाणंही. डिवचलं की ती चिकट स्राव सोडते, त्यात डंखपेशी असतात. तिला स्पर्श न करताही हात चुरचुरतो, म्हणून हातमोजे घालाच.

खारवट:
नवख्यांसाठी कॅसिओपिया बरी, हे पटलं. ताईंचा उशिरा कळण्याचा मुद्दाही खोडता येत नाही. मी रोज रात्री छत्रीची स्पंदनं मिनिटभर मोजून वहीत टिपतो. आकडा नेहमीपेक्षा घसरला की लगेच पाणी तपासतो. पण आठवडाभर बाहेर जायचं तर ही वही कुणाच्या हाती द्यायची, याला माझ्याकडेही उत्तर नाही. गेली दोन वर्षं मी तेवढा बाहेर गेलेलोच नाही.