पाणी झटकणारा लेप: फिरत्या चकतीचा टॉर्क आधी घटतो, मग वाढतो. का?

यंत्रमित्र: 200 मिमी व्यासाची अॅल्युमिनियमची चकती, 1440 आरपीएम, 20 लिटरची बंद टाकी. दोन्ही बाजूंना पाणी झटकणारा स्प्रे मारला आहे. सुरुवातीला टॉर्क (चकती फिरवायला लागणारा पिळाचा जोर) कोऱ्या चकतीपेक्षा कमी येतो, पण थोड्या वेळाने तिच्याही वर जातो. लेप निघालेला नाही, बाहेर काढल्यावर थेंब घरंगळतात. हाच लेप पुढे 5 एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) पंपाच्या इंपेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला, द्यायचा आहे. कुठे चुकतंय?

प्रवाही: लेप शाबूत आहे, हवा गेली आहे. घर्षण कमी करते ती लेपाच्या बारीक खाचांमध्ये अडकलेली हवा. पाणी तिच्यावरून घसरतं. तुमच्या चकतीच्या कडेचा वेग 15 मी/से. बंद टाकीत पाणी साधारण निम्म्या वेगाने फिरतं असं धरलं, तर कडेला मध्यापेक्षा सुमारे 28 किलोपास्कल जास्त दाब येतो. 10 मायक्रॉन रुंद खाच पृष्ठताणाच्या जोरावर फार तर 14 किलोपास्कल पेलते. शिवाय दाबाखाली हवा पाण्यात विरघळते आणि बुडबुडे मध्याकडे सरकतात. म्हणजे हवा आधी कडेची जाते, आणि दुखणं तिथेच आहे: त्रिज्येच्या शेवटच्या पाचव्या हिश्शातच जवळपास दोन तृतीयांश टॉर्क असतो.

हवा गेल्यावर उरतो तो नुसता खडबडीतपणा. या वेगाला पृष्ठभागालगतच्या प्रवाहाची मोजपट्टी (जिच्या मानाने खडबडीतपणा जाणवतो ती लांबी) दीड-दोन मायक्रॉनची आहे. स्प्रेचे उंचवटे 10-20 मायक्रॉनचे असतील तर टॉर्क वाढणारच.

2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने दोन सिलिंडरांमधल्या प्रवाहात, आतल्या फिरत्या सिलिंडरवर असाच स्प्रे देऊन रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) 80,000 ला घर्षणात 22% घट मिळवली. तिथे भूमिती हवेच्या बाजूने असते: केंद्रोत्सारी परिणामामुळे हवा आतल्या पृष्ठभागाकडेच ढकलली जाते. चकतीच्या कडेला नेमकं उलटं घडतं.

टॉर्कमापक: आधी तापमान तपासा. मोकळ्या पाण्यात या चकतीला साधारण 1 न्यूटन-मीटर, म्हणजे 150 वॉट लागतात. 20 लिटर पाणी त्याने तासाभरात सहाएक अंश तापतं. 25 वरून 31 अंशांवर गेलं तर लेपाविनाही टॉर्क अडीच टक्के उतरतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहा, नाहीतर पाणी थंड ठेवा. शाफ्ट वरून सोडा म्हणजे सीलचं घर्षण मोजमापात येत नाही, पण भोवऱ्यातून हवा ओढली जाऊ नये म्हणून पाण्याच्या पातळीखाली आडवी पट्टी लावा. तुलनेसाठी तेवढ्याच जाडीचा गुळगुळीत लेप दिलेली तिसरी चकतीही हवी. उकळून थंड केलेलं पाणी वापरलंत तर ते लेपातली हवा झपाट्याने शोषेल.

पंपघर: इंपेलरवर हा स्प्रे नको. 2880 आरपीएमला 160 मिमी इंपेलरचं चकती-घर्षण (त्याच्या बाजू पाण्याला घासून जाणारी वीज) साधारण 155 वॉट, 3.7 किलोवॉटच्या मानाने 4%. त्यात 10% वाचले तरी हाती 15 वॉट, आणि वाळू आली की तेही जातात. त्यापेक्षा कास्ट आयर्नची बॉडी आणि इंपेलर गंज काढून, शॉट ब्लास्ट करून (बारीक छर्‍यांच्या माऱ्याने साफ करून) गुळगुळीत इपॉक्सीने रंगवा. वेअर रिंगच्या (इंपेलर आणि बॉडीमधली गळती रोखणाऱ्या कडीच्या) बैठकीवर आणि शाफ्टच्या बोअरमध्ये लेप जाऊ देऊ नका, आणि नंतर इंपेलर बॅलन्स करून घ्या. वेअर रिंगची फट झिजून वाढली असेल तर आधी ती बदला; गळतीत जाणारी वीज घर्षणापेक्षा जास्त असू शकते.